शेवटची अर्धी गोळी : एस्सिटालोप्रॅम बंद करतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण एकाच बाईंचं म्हणून लिहिलं असलं, तरी त्यात एकाहून अधिक रुग्णांचे अनुभव एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं, डोस आणि लक्षणांचा क्रम मात्र प्रत्यक्षात दिसतो तसाच ठेवला आहे. यातलं वेळापत्रक कुणी जसंच्या तसं स्वतःवर वापरू नये. ते तसं का ठरलं हे नीट कळावं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पूर, गोळी आणि साडेतीन वर्षं

बाई सांगलीतल्या एका शाळेत शिकवतात. आमच्याकडे आल्या तेव्हा वय ४६. यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये, मुलगी कॉलेजात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. गाळ काढला, भिंती रंगवल्या, शाळा सुरू झाली. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना दिवाळीनंतर बाई खचल्या. पहाटे चारला जाग यायची, घास तोंडात फिरायचा, वर्गात उभं राहवत नव्हतं. वह्यांचे गठ्ठे न तपासता पडून राहू लागले. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' हे एकच वाक्य मनात घोळायचं. फॅमिली डॉक्टरांनी डिसेंबरमध्ये हे नैराश्य आहे हे अचूक ओळखलं आणि रात्रीची एक गोळी सुरू केली. तिच्यात दोन औषधं होती: नैराश्यावरचं एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि झोपेसाठी, बेचैनीसाठी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम.

आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते. तिच्यामागे कारणही आहे. एस्सिटालोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत काहींची बेचैनी उलट वाढते. तेवढा काळ क्लोनाझेपामने झोप लागते, जीव थोडा शांत होतो. अडचण पुढे येते. महिन्याभराने क्लोनाझेपाम काढायचं तर गोळीच बदलावी लागते, आणि बरं वाटू लागलेल्या रुग्णाची गोळी बदलायला कुणी धजावत नाही. मग काही आठवड्यांसाठी दिलेलं औषध वर्षानुवर्षं पोटात जात राहतं. बाईंचं तेच झालं. २०२० च्या मार्चपर्यंत त्या पुष्कळ सावरल्या. त्यानंतर लॉकडाऊन आला, दवाखान्यात जाणं थांबलं. जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवायची, 'तीच द्या' म्हणायचं, स्ट्रिप घेऊन यायचं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, त्यातही बाई डळमळल्या नाहीत. गोळी कधी थांबवायची हा प्रश्न साडेतीन वर्षांत कुणी काढला नाही.

तो बाईंनीच काढला, मे २०२३ मध्ये, सुट्टी लागल्यावर. वजन वाढलं होतं. दुपारी वर्गात पेंग यायची, मुलांची नावं पटकन आठवत नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांनी नंतर मला सांगितली. कशाचं फार वाईट वाटत नाही हे खरं, पण मुलीला बारावीला चांगले मार्क मिळाले तेव्हा आनंदही आतपर्यंत पोचला नाही. असं भावना बोथट होणं या गटातल्या औषधांवर पुष्कळ जण सांगतात. डॉक्टर म्हणाले, आता बऱ्या आहात, पंधरा दिवस एक दिवसाआड घ्या आणि मग सोडून द्या.

एक दिवसाआड घेण्याचा हा सल्ला मी इतक्या चिठ्ठ्यांवर पाहिला आहे की त्यावर थोडं थांबायलाच हवं. एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात. रोजच्या गोळीत ही घट भरून निघते. एक दिवस सोडला की ४८ तासांत ते एक तृतीयांशाच्या आसपास येतं, गोळी घेतली की पुन्हा वर जातं. म्हणजे डोस हळूहळू कमी होत नाही, मेंदूला दर दोन दिवसांनी एक चढ आणि एक उतार मिळतो. नैराश्यावरच्याच फ्लुओक्सेटिन या औषधाला हे चालून जातं, कारण ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. व्हेन्लाफॅक्सिन या आणखी एका औषधाच्या बाबतीत तर एक डोस चुकला तरी संध्याकाळपर्यंत काहींना कळतं.

जून २०२३

शेवटची गोळी घेतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरुवात झाली. मान वळवली किंवा नजर एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली की डोक्यात करंट मारल्यासारखं व्हायचं, क्षणभरच, पण दिवसातून कितीतरी वेळा. बाईंनी ते दाखवलं तेही लक्षात राहण्यासारखं होतं. डोकं अजिबात न हलवता त्यांनी फक्त डोळे दाराकडे नेले आणि म्हणाल्या, "हे बघा, आत्ता आला." त्यासोबत गरगरणं, मळमळ, घाम, हातांना कंप. रात्री झोप लागलीच तर इतकी खरीखुरी वाटणारी स्वप्नं, की उठल्यावर काय घडलं आणि काय स्वप्नात पाहिलं हे ठरवायला वेळ लागायचा. टीव्हीवरच्या जाहिरातीनेही रडू फुटायचं. यजमानांवर त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या एवढ्या ओरडल्या.

घरच्यांनी जे सुचलं ते केलं. चक्कर येते म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले, तिथे चक्करेच्या गोळ्या मिळाल्या. मान वळवली की होतं म्हणून मानेचा एक्स-रे झाला. चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेत थोडीफार झीज दिसतेच, ती दिसली आणि गळ्याला पट्टा आला. धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात बाई स्टाफरूममध्ये रडत बसल्या. तेव्हा एका नातेवाइकाच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. आजार उलटला आहे, असं निदान झालं. एस्सिटालोप्रॅम दुप्पट केलं, सोबत क्लोनाझेपाम पुन्हा आलं. दोनच दिवसांत बाई पुष्कळ बऱ्या झाल्या.

त्या बऱ्या झाल्या म्हणून निदान बरोबर, असं घरच्यांनी धरलं. आमच्याकडे आल्या त्या एकच प्रश्न घेऊन: "डॉक्टर, म्हणजे आता जन्मभर घ्यायच्या का?"

आजार परतला की औषध सुटल्याचा त्रास?

या प्रश्नाचं उत्तर तपासणीच्या टेबलावर मिळत नाही. रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. उत्तर मिळतं ते तारखांमधून. आम्ही एक कोरा कागद घेतला आणि बाई, यजमान, मुलगी अशा तिघांकडून मे-जूनचा दिवसवार हिशेब काढला. कुठल्या दिवशी गोळी घेतली, कुठल्या दिवशी नाही, पहिलं काय जाणवलं, त्यानंतर काय. कागदाच्या दुसऱ्या बाजूला २०१९ चं दुखणं कसं सुरू झालं होतं ते लिहिलं.

दोन्ही बाजू शेजारी वाचल्यावर फरक लपत नव्हता. २०१९ चं नैराश्य दोन महिन्यांत हळूहळू दाटत गेलं होतं, त्यात भूक मेली होती, हालचाल मंदावली होती, अपराधीपणा होता. २०२३ चा त्रास गोळी थांबल्यावर आठवड्याच्या आत, जवळजवळ एकदम आला. करंट, नजर फिरवली की गरगरणं, मळमळ, विचित्र स्वप्नं यांतलं काहीही २०१९ मध्ये नव्हतं. अपराधीपणा यावेळी नव्हता. आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत बरं वाटलं, हा तर मोठा पुरावा. नैराश्य दोन दिवसांत हटत नाही. औषध अचानक तुटल्याने झालेला त्रास मात्र औषध परत मिळालं की थोडक्या दिवसांत ओसरतो. यात एक मेख आहे: क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, त्यामुळे झोप आणि धडधड सुधारण्याचं श्रेय त्यालाही जातं. करंट थांबले त्याचं श्रेय मी बहुतांशी एस्सिटालोप्रॅमला देतो.

शिवाय बाईंची दोन औषधं एकाच दिवशी बंद झाली होती. क्लोनाझेपाम ज्या गटातलं आहे त्या गटातली औषधं दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवली, तर निद्रानाश, कंप, तीव्र घबराट होते आणि काही रुग्णांना फिटही येते. जोडगोळी सोडणाऱ्याच्या हे ध्यानीमनी नसतं. त्याच्या लेखी त्याने एकच गोळी सोडलेली असते.

त्या दिवसांत जीव नकोसा झाला होता का, हे मी बाईंना यजमानांना बाहेर बसवून स्पष्ट विचारलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की दोन रात्री तसे विचार आले होते. औषध तुटल्याच्या त्रासातही असे विचार येऊ शकतात आणि ते आजारातल्या विचारांइतकेच धोक्याचे असतात. आम्ही घरात काय काय गोळ्या साठल्या आहेत ते विचारलं, त्या मुलीच्या ताब्यात दिल्या, आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघींच्या फोनमध्ये टाकून दिला.

बाईंना या सगळ्यात सगळ्यात जास्त कशाने हलकं वाटलं असेल, तर 'तुम्हाला गोळीचं व्यसन लागलेलं नाही' या वाक्याने. व्यसनात हाव असते, डोस वाढवत नेणं असतं, त्यापायी बाकीचं आयुष्य मागे पडतं. बाईंनी एवढ्या वर्षांत एक गोळी जास्त घेतली नव्हती. त्यांच्या मेंदूने औषध रोज येणार असं धरून आपली घडी बसवली होती, आणि औषध काढून घेतल्यावर ती पुन्हा बसायला वेळ लागत होता.

किती जणांना होतं?

यावर आकडे आहेत, आणि ते एकमेकांशी भांडतात. जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांनी ब्रिटनमधून २०१९ मध्ये केलेल्या आढाव्यात ५६ टक्के लोकांना त्रास होतो आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो तीव्र असतो, असं निघालं. जर्मनीतल्या हेन्सलर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये लॅन्सेट सायकायट्री या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा छापला. त्यात औषध थांबवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना त्रास दिसला, पण औषध नसलेली खोटी गोळी (प्लासिबो) थांबवलेल्यांपैकी १७ टक्क्यांनाही दिसला. म्हणजे औषधामुळेच होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास ३५ जणांत साधारण एकाला. पहिल्या आढाव्यात ऑनलाइन सर्वेक्षणं होती, त्यात त्रास झालेलेच जास्त उत्तर देतात. दुसऱ्यातल्या बऱ्याच चाचण्यांत लोकांनी औषध काही महिनेच घेतलं होतं. साडेतीन वर्षं रोज गोळी घेतलेल्या बाईंवर यातला कुठलाच आकडा नेमका बसत नाही. माझं मत असं की घाबरवायलाही नको आणि 'काही होत नाही' म्हणायलाही नको. पुष्कळ लोक फार त्रास न होता सोडतात. ज्यांना होतो त्यांना तो खरा होतो, आणि जितकी वर्षं जास्त तितकं सावध राहावं.

ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलून, हा त्रास काहींच्या बाबतीत तीव्र आणि लांबणारा असू शकतो हे मान्य केलं. त्याआधी तिथल्या मार्गदर्शक सूचनांत तो सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप जातो असं लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांच्या डोक्यात अजून ते जुनंच वाक्य आहे.

शेवटच्या मिलिग्रॅमांचं गणित

मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा २०१९ चा लेख या विषयात माझ्या मते सगळ्यात कामाचा. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. अनेक वर्षं घेतलेलं एस्सिटालोप्रॅम सोडताना त्यांना स्वतःला भयंकर त्रास झाला, आणि त्यातून ते या प्रश्नाकडे वळले. मेंदूच्या पेट (PET) स्कॅनवरून त्यांनी सिटालोप्रॅमचे, म्हणजे एस्सिटालोप्रॅमच्या जवळच्या भावंडाचे, आकडे मांडले. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, आणि ते पेशीत परत ओढून घेणाऱ्या वाहकांना हे औषध चिकटतं. ६० मिलिग्रॅमवर साधारण ८८ टक्के वाहक अडलेले असतात, ४० वर ८६, २० वर ८०. इथवर डोस तिपटीने कमी झाला तरी परिणामात आठच टक्क्यांचा फरक. पुढे ९ मिलिग्रॅमवर ७०, साडेतीनच्या आसपास ५०, दीड मिलिग्रॅमवर ३०, आणि ०.४ मिलिग्रॅम एवढ्या चिमूटभर डोसवरसुद्धा १० टक्के.

एस्सिटालोप्रॅम साधारण दुप्पट ताकदीचं, म्हणून हे डोस निम्मे धरायचे. याचा अर्थ बाईंच्या १० मिलिग्रॅमवर अंदाजे ८० टक्के, ५ वर ७० च्या आसपास, आणि ५ ची गोळी अर्धी केली तरी ६० टक्के. आपल्या मेडिकलमध्ये एस्सिटालोप्रॅमची सगळ्यात लहान गोळी ५ मिलिग्रॅमची मिळते. तिची अर्धी करून काही दिवस घ्यायची आणि सोडायची, ही नेहमीची रीत. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या वीतभर उंचीच्या आणि तिसरी थेट एका मजल्याएवढी. ही सरासरी आहे, माणसागणिक बदलते. पण उताराची ठेवण हीच.

सोडायचंच का?

वेळापत्रक करण्याआधी हे विचारणं भाग होतं. ब्रिटनमधल्या दवाखान्यांत ४७८ लोकांवर झालेली अँट्लर नावाची चाचणी २०२१ मध्ये छापून आली. हे सगळे लोक बरे झालेले होते, बहुतेकांनी वर्षानुवर्षं औषध घेतलेलं होतं. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार वर्षभरात परतला, सोडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा. हे आकडे मी बाईंसमोर आणि यजमानांसमोर जसेच्या तसे ठेवले. सोडणाऱ्यांतले बरेच जण बरे राहतात हे त्यात आहे, आणि धोका वाढतो हेही. ज्यांना तीन-चार वेळा नैराश्य येऊन गेलं आहे, आत्महत्येचा प्रयत्न झाला आहे, त्यांना मी सहसा चालू ठेवा असंच सांगतो. बाईंना मोठं नैराश्य एकदाच आलं होतं, त्यालाही ठळक कारण होतं, आणि दुष्परिणाम त्यांच्या शिकवण्यावर येत होते. विचार करायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. मग म्हणाल्या, "सावकाश जमत असेल तर सोडायच्या."

वेळापत्रक

पहिली अट त्यांनीच घातली, आणि ती योग्य होती: जुलै-ऑगस्टमध्ये काहीही कमी करायचं नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे मेसेज मोबाइलवर यायला लागले की सांगलीतल्या निम्म्या घरांची झोप उडते. बाईंच्या घरची तर उडतेच. त्या दिवसांत धडधडलं तर ते गोळीचं की नदीचं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणून २०२३ चा पावसाळा नुसतं स्थिर होण्यात गेला. जोडगोळी बंद करून दोन औषधं दोन वेगळ्या गोळ्यांत घेतली, आणि एस्सिटालोप्रॅम २० वरून परत १० वर आणलं. पुढे एका वेळी एकाच औषधाला हात लावायचा. आधी कुठलं, याला पक्का नियम नाही. दुपारची पेंग आणि विसराळूपणा क्लोनाझेपामचा असावा असा संशय होता, म्हणून ते आधी घेतलं. ०.२५ ची गोळी मिळते, तिचे अर्धे होतात. सप्टेंबर ते जानेवारी असं ते उतरवत नेलं. दर उतारानंतर चार-पाच रात्री झोप बिघडायची, मग बसायची. फेब्रुवारीत बाई म्हणाल्या की मुलांची नावं आठवायला लागलीत.

एस्सिटालोप्रॅम फेब्रुवारी २०२४ मध्ये ७.५, एप्रिलमध्ये ५. फारसं काही जाणवलं नाही. पावसाळाभर थांबलो. गणपती गेल्यावर २.५, म्हणजे अर्धी गोळी. थोडी मळमळ, आठवडाभर चिडचिड, मग ठीक.

रोज रात्री बाई वहीत तीन आकडे लिहायच्या, शून्य ते दहामध्ये: करंट आणि गरगरणं, झोप, मन. आकड्यांखाली एक ओळ, दिवसात काय घडलं त्याची. दवाखान्यात आल्यावर 'कसं वाटतंय' याचं उत्तर माणूस त्या क्षणाच्या मनःस्थितीवरून देतो. वहीत महिना दिसतो. याच काळात त्यांनी समुपदेशकाकडे बसायला सुरुवात केली. पुराच्या आठवणी आणि 'माझ्यामुळे' हा विचार गोळीने झाकला गेला होता, त्यावर काम झालेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली छापलेल्या एका चाचणीत औषध उतरवताना ध्यानावर आधारलेली उपचारपद्धती शिकलेल्यांचा आजार दोन वर्षांत ४४ टक्क्यांमध्ये परतला, औषध चालू ठेवलेल्यांचा ४७ टक्क्यांमध्ये. म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. गोळी काढताना तिच्या जागी काहीतरी उभं करावं लागतं, हे मी त्यावरून घेतो.

दिवाळीत घडलं ते असं. बाई अर्ध्या गोळीवर होत्या. ती अर्धी गोळी तळहातावर जवळजवळ दिसत नाही. यजमान प्रेमानेच म्हणाले, "एवढीशी तर आहे, तिने काय होतंय? पाडव्यापासून सोडून दे, नवीन वर्ष बिनगोळीचं." बाईंनी सोडली. भाऊबीज बरी गेली. पुढच्या दिवशी भावाच्या घरून निघताना गाडीत बसल्या आणि नजर वळवताच करंट. दोन दिवसांत गरगरणं, रडू, रात्रभर जाग. वहीतला करंटचा आकडा एकवरून आठवर गेला होता.

यावेळी कुणी कानाच्या डॉक्टरांकडे गेलं नाही. बाईंनी फोन केला, आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "हे आजाराचं नाही, सोडल्याचं आहे ना?" अर्धी गोळी परत सुरू केली. पाच-सहा दिवसांत आकडा दोनवर आला. यजमानांना मी तो टक्क्यांचा उतार कागदावर काढून दाखवला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आलेख समजावून सांगावा लागला नाही. ६० वरून शून्याची रेघ त्यांनी स्वतः बोटाने खाली नेली आणि म्हणाले, "म्हणजे खरं काम इथून पुढं आहे."

पाण्यातली गोळी

अर्ध्या गोळीच्या खाली सुरीने जाता येत नाही. नेदरलँड्समध्ये दिवसागणिक कमी होत जाणाऱ्या डोसच्या पुड्यांची पट्टी करून मिळते. आपल्याकडे तशी सोय सहज मिळत नाही. बाईंसाठी आम्ही पाण्याचा मार्ग घेतला. ५ मिलिग्रॅमची साधी गोळी वाटून १० मिलिलिटर पाण्यात ढवळायची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम.

पहिल्यांदा मुलीने ते दवाखान्यातच करून दाखवलं. झाकणाच्या छोट्या बाटलीत गोळीची पूड टाकली, बिनसुईच्या सिरिंजने पाणी मोजून घातलं, झाकण लावून हलवलं. पांढरट पाणी झालं, पण बाटली टेबलावर ठेवून आम्ही बोलत राहिलो तेवढ्यात खाली साका बसला. हीच खरी खबरदारी. गोळी पूर्ण विरघळत नाही, कण पाण्यात तरंगतात. म्हणून हलवल्या हलवल्या लगेच सिरिंजमध्ये ओढायचं, आणि उरलेलं ओतून द्यायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. रोज ताजं. वर थोडं पाणी प्यायचं, कारण चव कडवट असते आणि जीभ जरा बधिर होते. सावकाश सुटणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल मात्र अशा वाटायच्या नाहीत, त्यातलं औषध एकदम बाहेर पडतं. कुठली गोळी वाटता येते हे डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय करू नये.

नोव्हेंबरअखेर ४ मिलिलिटर, म्हणजे २ मिलिग्रॅम. मग ३ मिलिलिटर, २, १. दर पायरीवर तीन ते पाच आठवडे, वहीतला आकडा दोनच्या खाली येऊन किमान आठवडाभर टिकल्याशिवाय पुढे नाही. संक्रांतीच्या सुमारास एकदा करंट पाचपर्यंत गेला, तेव्हा खाली न जाता तिथेच थांबलो, वर मात्र गेलो नाही. मार्चमध्ये अर्धा मिलिलिटर, पाव मिलिग्रॅम. त्यासाठी १ मिलिलिटरची बारीक सिरिंज आणावी लागली. परीक्षा, पेपर तपासणी, निकाल यांत बाईंना काही बदलायचं नव्हतं, म्हणून तो डोस मे महिन्यापर्यंत ओढला. मे २०२५ मध्ये सुट्टी लागल्यावर बंद.

बंद केल्यावर दहा-बारा दिवस झोप तुटक होती, करंट अधूनमधून, तीनच्या वर नाही. जून संपेपर्यंत तेही गेलं. झोप पूर्वीइतकी गाढ मात्र अजून झालेली नाही, आणि बाईंनी ते स्वीकारलं आहे. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं तेव्हा दोन-तीन रात्री जागून काढल्या. वहीत त्यांनी लिहिलं: 'भीती वाटते. करंट नाही. भूक आहे.' त्या तीन वाक्यांवर मी काहीही सुरू केलं नाही. पाणी उतरलं, झोप परत आली. सध्या त्या दर तीन महिन्यांनी येतात. पहाटेची जाग, भूक आणि 'माझ्यामुळे' हा विचार, या तिघांपैकी दोन गोष्टी दोन आठवडे टिकल्या तर वाट न बघता यायचं, हे घरात तिघांनाही पाठ आहे. आजार परतलाच तर गोळी पुन्हा सुरू होऊ शकते, त्यात हरल्यासारखं काही नाही, हेही बोलून ठेवलं आहे.

बाईंच्या संमतीने हे सगळं मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना लिहून पाठवलं होतं, तारखांच्या कागदासकट. त्यांनी फोन केला. त्यांच्याकडे एक गृहस्थ सात वर्षांपासून नैराश्यावरच्याच पॅरोक्सेटिनची सीआर, म्हणजे सावकाश सुटणारी, गोळी घेतायत, सोडायचं म्हणतायत, एक दिवसाआड द्यावी का? पॅरोक्सेटिन अंगातून लवकर जातं, त्याचा त्रास एस्सिटालोप्रॅमपेक्षा जास्त होतो, आणि सीआर गोळी तोडता येत नाही. आम्ही ठरवलं की आधी त्यांना रोजच्याच वेळी साध्या पॅरोक्सेटिनच्या गोळीवर आणायचं, महिनाभर बघायचं, आणि पहिली कपात त्यानंतरच.